मलमाने न जाणारा चट्टा

आरोग्य शिबिर आटोपत आले की एखादी भगिनी आम्हाला बाजूला घेते. "ताई, मांडीवर पांढरट चट्टा आहे. घरी कुणाला बोलू नका." सातारा-सांगलीच्या वस्त्यांत हे आम्ही अनेकदा ऐकले आहे. त्या चट्ट्याला लोकांनी आधीच नाव दिलेले असते. कुणी कोड म्हणते, कुणी गजकर्ण, कुणी कुष्ठरोग.

बहुतेक चट्टे साधेच निघतात. पण क्वचित एखादा 'मायकोसिस फंगॉइडिस' असतो, म्हणजे त्वचेतला टी-पेशींचा लिम्फोमा. 1806 मध्ये फ्रान्सचे डॉक्टर अलिबेर यांनी त्याचे पहिले वर्णन केले. गाठी भूछत्रासारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले. बुरशीशी त्याचा काही संबंध नाही. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, तो फिकट चट्ट्यांच्या रूपातही दिसतो. हे चट्टे बहुधा कंबर, नितंब, मांड्या अशा झाकलेल्या जागी येतात. म्हणून ते लपतात आणि लाजेने लपवलेही जातात.

शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशीच इथे बिघडतात आणि त्वचेच्या वरच्या थरात शिरतात. हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. भूल देऊन त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. यालाच बायोप्सी म्हणतात. सुरुवातीला एका तुकड्यात निदान होतेच असे नाही. पुन्हा तपासावे लागते. आधी स्टेरॉइडचे मलम चोळले असेल तर खूण पुसट होते.

कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श कळत नाही, या चट्ट्यावर सहसा कळतो. तरीही घरी टाचणी टोचून निकाल लावू नये. कुष्ठरोगही सरकारी दवाखान्यातील मोफत औषधांनी पूर्ण बरा होतो, त्यात लाज कसली? आणि हा लिम्फोमा तर संसर्गजन्यच नाही. ताट-पेला वेगळा करायचे काहीच कारण नाही. लवकर सापडला तर अतिनील प्रकाशाच्या उपचाराने चट्टे बहुधा जातात. मात्र ते परत येऊ शकतात, म्हणून तपासणी चालू ठेवावी लागते. दुर्लक्ष झाले तर काहींत पुढे जाड चकत्या आणि गाठी होतात.

दोष फक्त रुग्णाचा नाही. नोकरीत असताना रांग मोठी म्हणून आम्हीही चट्टा नीट न पाहता ट्यूब हातात ठेवली आहे. आज त्याची खंत वाटते. म्हणून आमची मागणी साधी आहे. काही महिने औषध लावूनही चट्टा गेला नाही, तर ग्रामीण रुग्णालयाने तिसरी ट्यूब न देता चिठ्ठी द्यावी. मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी त्वचारोग विभाग आणि तुकडा तपासणारा विभाग दोन्ही आहेत.

आणि भगिनींनो, मेडिकलमधून मनाने मलम आणू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "याची बायोप्सी करायची का?" हा प्रश्न विचारणे उद्धटपणा नाही, तो आपला हक्क आहे.