भंगारातली गोल्फ कार्ट घेऊ का? आधी गिऱ्हाईक दाखवा!



मागच्या व्हिडिओनंतर तुमसरकडच्या एका पोराचा फोन आला. "सर, जुनी पेट्रोलवाली गोल्फ कार्ट स्वस्तात भेटून राहिली. इंजिन खोलतो, मोठे टायर लावतो, मागं दोन सीट वाढवतो. आईचे दागिने ठेवून पैसे उचलू का?"

मी म्हटलं, "दागिने कपाटातच राहू दे. आधी मला सांग, गाडी तयार झाल्यावर ती कुठं चालणार?" पलीकडून आवाज बंद.

आजचा लेख या प्रश्नावर आहे. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: गोल्फ कार्ट नव्यानं बांधणं हा चांगला धंदा होऊ शकतो, पण गाडी आधी घेऊन गिऱ्हाईक मागून शोधणाऱ्यासाठी नाही.

कौशल्य आपल्याकडं आहेच

आपला भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. गडेगावला अशोक लेलँडचा गिअरबॉक्सचा कारखाना आहे, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना. लेथ, वेल्डिंग, फिटिंग जाणणारी माणसं इथं शोधावी लागत नाहीत. आणि पेट्रोल गोल्फ कार्ट म्हणजे काही विमान नव्हे. बहुतेक गाड्यांत लहान इंजिन, गिअरऐवजी दोन पुली आणि एक बेल्ट, मागं डिफरन्शियल. स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात. चावी फिरवून पाय दाबला की इंजिन सुरू, पाय काढला की बंद.

म्हणजे काम जमेल. पण काम जमणं वेगळं आणि धंदा जमणं वेगळं.

लोहारांची जीप आठवते का?

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार. भंगारातले भाग जोडून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचा व्हिडिओ शेअर केला. कौतुक केलंच, पण सोबत हेही लिहिलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला रस्त्यावर अडवतील. त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण उद्योजक म्हणून त्यातलं दुसरं वाक्य वाचा. इतकं कसब असूनही गाडी रस्त्यासाठी चालणार नव्हती. प्रत्येक जुगाडाच्या शेवटी बोलेरो उभी नसते, भाऊ.

कायदा दोन मिनिटांत

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत मनानं बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे.

मग गोल्फ कार्ट कशी चालते? त्याच कायद्याच्या कलम २(२८) मध्ये 'मोटार वाहना'च्या व्याख्येतून एक प्रकार वगळला आहे: फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेलं खास वाहन. तुमची जागा ही. 'फक्त' या शब्दाखाली रेघ मारा. एका गेटातून निघून राष्ट्रीय महामार्ग ५३ ओलांडून समोरच्या गेटात शिरलात, तर ते आवार राहिलं नाही. काम घेण्याआधी आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा. विचारायला पैसे लागत नाहीत.

मग गिऱ्हाईक कोण?

लग्नाचे मोठे लॉन बघा. पार्किंगपासून मंडपापर्यंत आजी-आजोबा उन्हात चालत जातात. कोका, नागझिऱ्याच्या बाजूचे रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्रं, मोठी कॉलेजं, कारखान्यांची आवारं. पाच ठिकाणी जा आणि एकच विचारा: "महिन्याला भाडं द्याल का?" दोघांनी लेखी होकार दिला तरच पुढं सरका. रिसॉर्टवाला धूर आणि आवाजाचं नाव काढेल, इलेक्ट्रिक मागेल. वाईट वाटून घेऊ नका, ही फुकटात मिळालेली माहिती आहे.

आता हिशोब. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही टाका. गाडी ६०,०००. इंजिनचं काम ३५,०००. पुली आणि बेल्ट २५,०००. टायर, ब्रेक, सीट, रंग ४०,०००. एकूण १,६०,०००. भाडं महिना १२,०००, त्यातून देखभालीचे ३,००० गेले, उरले ९,०००. पैसे सुटायला जवळजवळ १८ महिने. आणि हे गाडी एक दिवसही बंद न पडता! पेट्रोल कार्ट आपल्याकडं कमी, त्यामुळं भाग बाहेरून मागवावे लागतात. एका पार्टसाठी दीड महिना गाडी उभी राहिली, तर भाडं बुडतं आणि गिऱ्हाईकही जातं. म्हणून गाडी घेण्याआधी बेल्ट, कार्बोरेटर आणि स्टार्टर कुठून, किती दिवसांत मिळेल, हे कागदावर लिहा. उत्तर नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे.

बदल करताना हात कुठं आवरायचा

पोरांना पहिली हौस वेगाची. गव्हर्नर मोकळा केला की गाडी पळते. पण बहुतेक जुन्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, तेही बेताच्या वेगासाठी. उंच टायर लावले की गाडीचा तोल वर जातो, वळणावर ती कलंडू शकते. मागं सीट वाढवली की वजन वाढतं. म्हणून माझा क्रम असा: आधी चॅसीचा गंज, मग ब्रेक, मग स्टिअरिंग, मग इंजिन, आणि रंगरंगोटी सगळ्यात शेवटी. गव्हर्नरला हात नाही. त्या सीटवर कुणाची तरी आजी बसणार आहे.

कर्ज लागलंच तर जिल्हा उद्योग केंद्रात पीएमईजीपी, सीएमईजीपीची चौकशी करा. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. पण घरातलं सोनं पहिल्या प्रयोगावर लावू नका. प्रयोग फसला तर तुम्ही शिकता, पण दागिने आईचे जातात.

त्या पोरानं परवा पुन्हा फोन केला. गाडी घेतली नाही. तीन लॉनवाल्यांना भेटून आला. एकानं विचारलं, "माझ्याकडं बंद पडलेली बॅटरीवाली आहे, ती दुरुस्त करशील का?" बघा मित्रांनो, गुंतवणूक पेट्रोलच्या पैशांची आणि हातात पहिलं काम!

तुमच्या गावात असं मोठं आवार कुठलं? या रविवारी तिथं जाऊन या, मग आपण बोलू.