बंबाआधी धुराची वाट



गेल्या खेपेस आपण गव्हाच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल बोललो. आज शेतातून उठून थेट न्हाणीघरात शिरायचे आहे. त्याला कारणही तसेच घडले.

परवा एक ओळखीचे बागायतदार कचेरीत आले. खताचे काम नव्हते, बियाण्याचेही नव्हते. म्हणाले, “साहेब, थंडी पडली. आंघोळीचं पाणी गॅसवर तापवायचं म्हटलं तर टाकी महिनाभर पुरत नाही. शेतात तुराट्यांचा ढीग पडलाय. तांब्याचा बंब घ्यावा म्हणतोय. नवं न्हाणीघर बांधलंय, फरशी बसवलीय, त्यातच एका कोपऱ्यात ठेवू. तुम्ही एवढंच सांगा, वीस लिटरचा घेऊ की तीसचा?”

मी विचारले, “न्हाणीघराला झरोका केवढा आहे?”

ते हसले. “झरोका कशाला? वारा आत येऊ नये म्हणून तर पक्कं बांधलं.”

तेव्हा मी त्यांना बसवून घेतले, चहा मागवला आणि आमच्या घरची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो.

साल 1999. पौषातली कडाक्याची थंडी होती. गावाकडच्या घरी आम्ही नुकतेच सिमेंटचे न्हाणीघर बांधले होते आणि वडिलांच्या वेळचा बंब अंगणातून उचलून आत आणला होता. वर एक वीतभर झरोका होता. त्यातून गार वारा येतो म्हणून मीच त्यात पोते कोंबले. सकाळी बंब पेटला, धूर निघून गेला, खाली नुसते लालभडक निखारे राहिले. धूर नाही म्हणून आमची सौ. दार लावून आंघोळीला बसली. माझी आई चुलीपाशी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, “अरे, तांब्याचा आवाज येईनासा झाला.” हाका मारल्या, ओ नाही. दार ढकलून कडी मोडली. सौ. भिंतीला टेकून मान टाकून बसलेली. उचलून अंगणात मोकळ्यावर आणली, तेव्हा हळूहळू शुद्धीवर आली. दिवसभर डोके ठणकत होते, पोटात मळमळत होते. डॉक्टर म्हणाले, “आणखी पाच-दहा मिनिटं गेली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता.”

मी शेतकी पदवीधर. रसायनशास्त्राचे पुस्तक पाठ केलेला माणूस. आणि पोते कोंबणारा हात माझाच.

झाले काय, ते समजून घ्या. लाकूड किंवा निखारा पुरेशा हवेशिवाय जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. श्वासावाटे तो रक्तात गेला की रक्तातल्या ज्या घटकाला प्राणवायू चिकटतो, त्याच घटकाला हा दोनशे पटीहून अधिक जोराने चिकटतो. अंगाला प्राणवायू मिळेनासा होतो. आधी डोके दुखते, गरगरते, मग पायातली शक्ती जाते. दार उघडावे असे मनात येते, पण उठवत नाही. निखाऱ्यात धूर नसतो, पण हा वायू भरपूर असतो. म्हणून धूर दिसत नाही तेव्हा भीती संपली असे समजू नका. गॅसवरचा गिझर बंद न्हाणीघरात बसवतात, त्यालाही हेच लागू आहे.

म्हणून बंब घेण्याआधी त्याची जागा ठरवा. सर्वांत चांगली जागा न्हाणीघराच्या भिंतीबाहेर, छोट्या पडवीखाली. भिंतीतून नळी काढून तोटी तेवढी आत घ्यावी. आग बाहेर, पाणी आत. सरपणाचा कचराही घरात येत नाही.

बाहेर जागाच नसेल, तर मग वरून सरपण टाकायचा बंब घेऊ नका. खाली दार असलेला घ्या, म्हणजे मधल्या नळकांड्यावर पत्र्याचा नळ चढवून धूर छपराबाहेर काढता येतो. नळ सरळ उभा न्यावा, आडवी वळणे देऊ नयेत. छपराच्या वर दोन-अडीच फूट जावा आणि त्यावर टोपी असावी. लाकडी वाशाला किंवा तुळईला नळ चिकटू देऊ नये. छप्पर पाचटाचे किंवा गवताचे असेल तर हा नादच सोडा, एक ठिणगी पुरते. जुने ॲस्बेस्टॉसचे नळ कुठे पडले असतील तर तेही वापरू नका, ते कापताना उडणारे तंतू छातीला घातक असतात. एवढे सगळे करूनही दाराखाली फट आणि वर उघडा झरोका हवाच. आणि घरातल्या लहानथोरांना एक नियम पाठ असू द्या: आत निखारे असताना दार लावून आंघोळ नाही. पाणी बादलीत काढावे, निखारे बाहेर न्यावेत, मग आंघोळीला बसावे.

धुराडे बसवले की काम संपले असेही नाही. 1983 नंतर सरकारने सुधारित चुलींचा मोठा कार्यक्रम चालवला. त्यातल्या पुष्कळ चुली पुढे मोडीत निघाल्या. धुराड्याची निगा कोणी राखली नाही, हे त्याचे एक मोठे कारण. काजळी साचली की धूर उलटा घरात येतो. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून नळ साफ करावा.

आता खरेदीचे पाहू. पुण्याच्या तांबट आळीपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत दुकानदार सांगतात की तांब्यात पाणी लवकर तापते. तांबे उष्णता चांगली वाहून नेते हे खरे. पण पातळ पत्र्यात उष्णतेची अडवणूक धातू करीत नाही, बाहेर बसलेली काजळी आणि आत बसलेला क्षार करतो. तांब्याचा खरा गुण असा की ते लोखंडासारखे गंजून भोक पडत नाही, आणि पुढेमागे मोडीतही त्याला किंमत येते. ऐपत नसेल तर साध्या पत्र्याच्या बंबानेही काम भागते. तेव्हा कर्ज काढून तांबे घेऊ नका.

बंब वजनावर घेत असाल तर बिडाची जाळी आणि तिवई वेगळी काढून नुसत्या तांब्याचे वजन करायला सांगा, नाहीतर बिडाला तांब्याचा भाव पडतो. पक्की पावती घ्या. घरी आणल्यावर भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी सांधे हाताने चाचपून पाहा. तोटी बुडापासून थोडी वर असावी, म्हणजे तळाशी पाणी राहते. कोरडा बंब पेटला तर डाख वितळून सांधे सुटतात. काही बंबांत वरून एक तांब्या गार पाणी ओतले की तोंडातून एक तांब्या कढत बाहेर येते. आत पाणी नेहमी भरलेले राहते, म्हणून तो घरात वापरायला सोयीचा. पण कोणताही बंब असो, त्याचे तोंड घट्ट बंद करू नका. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. तिला वाट नसेल तर बंबाचा सुतळी बॉम्ब होतो.

वीस लिटरचा की तीसचा? हिशोब करू. वीस लिटर पाणी 70 अंशांपर्यंत तापवले आणि 20 अंशांचे गार पाणी मिसळले, तर आंघोळीजोगे 40 अंशांचे पन्नास लिटर होते, म्हणजे तीन बादल्यांहून अधिक. काढाल तसे भरत गेलात तर पाच माणसांच्या घराला वीस लिटरचा पुरतो. बादलीत मात्र आधी गार ओता, मग कढत, म्हणजे लेकरे भाजत नाहीत.

सरपणाचाही हिशोब असाच. पाच जणांना पंधरा-पंधरा लिटर पाणी 20 वरून 40 अंशांवर न्यायला 1,500 किलोकॅलरी लागतात. वाळल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे 3,500 असतात. तीन दगडांच्या चुलीवर त्यातला दहावा भाग पाण्याला लागतो असे धरले, तर सव्वाचार किलो लाकूड जळते. चांगल्या बंबात तिसरा हिस्सा लागला, तर दीड किलोच्या आतच काम होते. ओल्या लाकडाने हा सगळा हिशोब बिघडतो, कारण नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असते. तेव्हा यंदाचे सरपण पुढच्या हिवाळ्यासाठी रचा.

तुराट्या, मक्याची बुरकुंडे, बागेतली छाटणी, सगळे चालते. प्लास्टिक, टायर, रंगवलेली फळी कधीच नको. पऱ्हाट्यांबाबत खास सूचना आहे. न उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या कपाशीवर उतरते. म्हणून बोंडे आधीच वेचून नष्ट करा, पऱ्हाट्या लवकर संपवा आणि उन्हाळ्यानंतर त्यांची गंजी ठेवू नका.

राख उकिरड्यात पातळ पसरा, तिच्यात पालाश असते. युरियात मिसळू नका, नत्र उडून जाते. चोपण जमिनीलाही राख नको. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षाराचा थर बसला तर चिंचेचे पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी घासून काढा.

आणि देव न करो, पण कोणी असे बेशुद्ध सापडले तर कांदा हुंगवत बसू नका. दारे-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि तातडीने दवाखान्यात न्या, तिथे प्राणवायू देतात.

बागायतदारांनी सगळे ऐकून घेतले. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “म्हणजे आधी गवंड्याला बोलावू, बंब पुढल्या बाजाराला.”

आमचा बंब आता भिंतीबाहेर आहे. झरोकाही मोठा केला. आई आज नाही, पण न्हाणीघरातून तांब्याचा आवाज आला की मी अजून हातातले काम थांबवून तो ऐकतो.