जुने खेळ, नवा पडदा

नव्वदच्या दशकात रिसोडसारख्या गावांतील मुलांनी दूरचित्रवाणीला जोडलेले खेळयंत्र बहुधा निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल असे. ती यंत्रे भंगारात गेली. आता रेट्रोआर्च ही विनामूल्य संगणकप्रणाली अनेक कंपन्यांची यंत्रे एकाच पडद्यावर उभी करते. प्रत्येक यंत्रासाठी तिच्या ‘ऑनलाइन अपडेटर’मधून स्वतंत्र ‘कोअर’ उतरवायचा, मग खेळाची फाइल उघडायची. प्लेस्टेशनसाठी बायोस फाइलही जवळ असलेली बरी.

पेच पुढेच आहे. प्रणाली फुकट, खेळ नव्हेत. १९८५ च्या सुपर मारिओ ब्रदर्सवर निन्टेन्डोचा हक्क अबाधित आहे. किल्ली हाती आली म्हणून लॉकरमधील ऐवज आपला होत नाही, हे बँकेत आयुष्य घालविलेल्यास कोणी सांगावे? आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास राखीव प्रत करू देतो. परक्याने आंतरजालावर चढविलेली फाइल ती नव्हे. हौशी निर्माते जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ रचून मुक्तपणे वाटतात. नातवंडांसह आरंभ तेथून करावा.