फोनची किल्ली कोणाच्या हाती?

"ताई, हे फाईल आपलीच आहे असं कसं समजाचं जी?"

मागच्या पावसाळ्यात एटापल्ली तालुक्यातल्या एका गावी आमची बैठक होती. विषय होता वनहक्काचे दावे. पण बैठक संपल्यावर एक अंगणवाडी सेविका फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. तिच्या कामाचे ॲप तीन दिवसांपासून उघडत नव्हते. उघडायला गेले की एकच सूचना यायची : नवी आवृत्ती घ्या, नाहीतर पुढे जाता येणार नाही. गावात टॉवरची रेंज नाही. टेकडीवरच्या एका ठराविक झाडाखाली दोन काड्या येतात, तेवढ्यावर बोलणे होते, पण ॲप उतरत नाही. मग वरून कोणीतरी व्हॉट्सॲपच्या गटावर एक फाईल पाठवली : 'सर्वांनी ही टाकून घ्यावी.' ही सेविका बाजाराच्या गावी गेली तेव्हा ती फाईल तिच्या फोनमध्ये उतरली होती. पण टाकायला गेल्यावर फोनने इशारा दिला की अशा फाईलमुळे तुमच्या फोनला धोका होऊ शकतो. एकीकडे हुकूम, दुसरीकडे इशारा. ऐकायचे कोणाचे?

कोणते खाते, कोणते ॲप, हे इथे महत्त्वाचे नाही. प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि कबूल करते, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. वीस वर्षे बायकांच्या हक्कांवर बोलणारी मी, "कोणाला तरी विचारून सांगते" म्हणून उठले. तो 'कोणीतरी' माझ्या डोळ्यांसमोर अर्थातच पुरुष होता.

ती सेविका मात्र थांबू शकत नव्हती. पुढच्या बाजाराला तिने फोन मोबाईलच्या दुकानात दिला. दुकानदाराने फोन उघडण्याची खूण विचारून घेतली, तासभर फोन ठेवून घेतला, पैसे घेतले आणि ॲप सुरू करून दिले. त्याने काय टाकले, कुठून टाकले, आणखी काय पाहिले, कोणास ठाऊक! त्या फोनमध्ये गावातल्या गरोदर बायकांची नावे होती, आधारचे क्रमांक होते, लेकरांचे फोटो होते. तिचे स्वतःचे बोलणे होते, माहेरच्या बहिणीशी, संघटनेतल्या मैत्रिणींशी. घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देऊन आपण बाहेर बाकावर बसावे, तसे हे झाले.

मैत्रिणींनो, 'फोनचे अपडेट' हा काय चळवळीचा विषय आहे का, असे काहींना वाटेल. पण बायकांच्या कामाची, हजेरीची, शिध्याची वाट आता फोनमधूनच जाऊ लागली आहे. पोषण ट्रॅकर 1 मार्च 2021 पासून आले. त्याआधीच, ऑक्टोबर 2018 मध्ये मानधनवाढ देताना केंद्र सरकारने सेविकेचा 500 रुपयांचा प्रोत्साहन भत्ता त्या वेळच्या ॲपच्या वापराशी जोडला होता. 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामे सोडून रोजगार हमीच्या सर्व कामांवर दिवसातून दोन वेळा ॲपवर फोटो काढून हजेरी घेणे सक्तीचे झाले. जुलै 2024 मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले तेही नारीशक्ती दूत नावाच्या ॲपवर. आणि 1 जुलै 2025 पासून घरी न्यायचा शिधा देताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनने ओळखावा असा नियम झाला. म्हणजे फोनमधले ॲप जुने झाले, तर उपाशी राहायची वेळ फोनवर येत नाही. ती बाळंतिणीवर येते.

ही तक्रार नवी नाही. ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले होते. फोनची मेमरी अपुरी, हमीची मुदत संपलेली, दुरुस्तीचा खर्च पदरचा, आणि ॲप इंग्रजीत. त्यावरून 'बायकांना तंत्रज्ञान नको' असे कोणाला वाटेल. खरे तर त्या बायकांचे म्हणणे अगदी उलटे होते : तंत्रज्ञान द्यायचे तर चालणारे द्या, आमच्या भाषेत द्या, आणि त्याचा खर्च आमच्या कमरेच्या पिशवीतून काढू नका.

आता त्या फाईलकडे येऊ. कारण उत्तर देता आले नाही याची टोचणी लागली, म्हणून मी नंतर ते शिकून घेतले. ते इतके अवघड नाही. आणि समजून घेताना मला आठवली ती लसीची कुपी.

आपल्या सेविका आणि नर्सताई लसीच्या कुपीवरची ती छोटी गोल खूण ओळखतात. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असला तर लस चालते; उष्णतेने तो वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. लस कोणत्या दुकानातून आली हे विचारावे लागत नाही, ती किती हातांतून गेली हेही नाही. खूण बोलते.

ॲपलाही अशी खूण असते. ते बनवणारा प्रत्येक आवृत्तीवर आपली डिजिटल सही करतो. नवी फाईल जुन्या ॲपवर बसवताना फोन दोन्ही सह्या ताडून पाहतो. जुळल्या तरच जुन्यावर नवे बसते, मग ती फाईल प्ले स्टोअरमधून आलेली असो, ब्लूटूथने आलेली असो की मेमरी कार्डातून. म्हणून मूळ ॲप आधी खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेले असेल, तर त्याचे नवे रूप बाहेरून घेणे म्हणजे आंधळेपणाने उडी मारणे नव्हे. पहिल्यांदाच एखादे ॲप बाहेरून घेण्यात जास्त धोका असतो, कारण तेव्हा ताडून पाहायला जुनी सही नसते.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. फाईल उघडल्यावर फोन विचारतो. 'हे ॲप अपडेट करायचे का' असे विचारले तर ते तुमच्या ॲपचे नवे रूप आहे. पण ॲप फोनमध्ये असतानाही 'इन्स्टॉल करायचे का' असे विचारले, तर सावध! नाव तेच, चित्र तेच, पण हे दुसरेच काही आहे; तिथेच थांबा. दुसरे, फोन म्हणाला की नवे बसत नाही, तर दुकानदार चटकन सांगतो, "जुनं काढून टाका, मग बसते." ते करू नका. सही जुळली नाही हेच बहुधा फोन सांगत असतो. शिवाय जुने काढले की त्यात भरलेली पण वर न गेलेली माहितीही जाते, आणि आठवडाभराची नोंद पुन्हा करावी लागते.

'बाहेरची फाईल कधीच घेऊ नका' असे प्रशिक्षणात सांगतात, ते उगाच नाही. लग्नपत्रिकेच्या नावाने, वाहनाच्या दंडाच्या नावाने, सरकारी योजनेच्या नावाने अशा फाईली व्हॉट्सॲपवर फिरतात. त्या उघडून लोकांची बँकखाती रिकामी झाली आहेत. (असे घडले तर लगेच 1930 या क्रमांकावर कळवावे.) पण ज्या गावात दोन काड्यांची रेंज आहे, तिथे 'फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्या' हा सल्ला म्हणजे विहीर आटलेल्या गावात 'फक्त उकळलेलेच पाणी प्या' असे सांगण्यासारखा आहे. सल्ला बरोबर, पण पाणी कोण देणार?

आमच्या शेजारच्या बस्तरमध्ये सीजीनेट स्वरा या गटाने लोकांच्या गोंडी भाषेतल्या बातम्या ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये पोचवल्या. लोकांनी त्याला नावही आपल्या बोलीतले दिले, 'बुल्टू रेडिओ'. जिथे टॉवर नाही तिथे माणूसच टॉवर होतो, हे जंगलातल्या लोकांनी केव्हाच ओळखले आहे. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर येऊन रस्ता बंद होतो, तरी लस, औषध, मतदानाची पेटी तिथे पोचवायची व्यवस्था सरकार करतेच ना? मग ज्या ॲपवर शिधा आणि मानधन अडते, ते पोचवायची जबाबदारी एकट्या सेविकेची कशी?

यात एक अडचण आहे, तीही सांगते. ऑगस्ट 2021 नंतर प्ले स्टोअरवर आलेली नवी ॲप तुकड्यातुकड्यांनी येतात. प्रत्येक फोनला त्याच्या मापाचे तुकडे मिळतात. त्यामुळे मैत्रिणीच्या फोनमधले ॲप उचलून आपल्या फोनमध्ये टाकले तर ते चालेलच असे नाही. सगळ्या फोनवर चालेल अशी पूर्ण, सही केलेली फाईल ॲप बनवणाऱ्यानेच दिली पाहिजे. म्हणजे सेविका कितीही हुशार असली तरी हे काम खात्याचेच आहे.

जगात याच गोष्टीवर मोठ्या कंपन्यांची आणि सरकारांची रस्सीखेच चालू आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. आपल्या दुकानाबाहेरून ॲप टाकण्यावर बंधने घालू नयेत, असाही आदेश त्यात होता. मार्च 2023 मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण बाहेरून ॲप टाकण्याबद्दलचा आदेश रद्द केला. ऑगस्ट 2025 मध्ये गुगलने जाहीर केले की ॲप बनवणाऱ्यांना यापुढे आपली ओळख कंपनीकडे नोंदवावी लागेल. 2026 मध्ये चार देशांत सुरुवात आणि 2027 पासून इतरत्र. कारण दिले आहे फसवणूक रोखण्याचे. ते खोटे नाही. पण कोणते ॲप खरे हे ठरवायचा अधिकार एका कंपनीच्या हाती जातो, आणि त्या चर्चेत टेकडीवर फोन उंच धरून उभी असलेली बाई कुठेच नाही.

आणखी एक बाजू आहे, ती आपल्या सल्ला केंद्रांत येणाऱ्या बायकांची. बाहेरून ॲप टाकायची हीच वाट नवराही वापरतो. बायकोच्या फोनमध्ये गुपचूप असे ॲप टाकायचे की तिचे बोलणे, तिचा ठावठिकाणा त्याला कळत राहील. 'तो मला न सांगता कसं ओळखतो मी कुठे होते ते?' असे एखादी विचारते तेव्हा आपण तिला संशयी समजतो. फोनच्या सेटिंगमध्ये, कोणकोणत्या ॲपला बाहेरून ॲप टाकायची परवानगी दिली आहे याची यादी असते. ती पाहावी. आपण दिलेली परवानगी काम झाल्यावर बंद करावी. पण हिंसाचारात राहणाऱ्या बाईने असे ॲप सापडताच घाईने काढू नये, कारण त्याला ते कळते आणि राग तिच्यावर निघतो. आधी विश्वासाच्या कार्यकर्तीशी बोलावे, सुरक्षित जागा ठरवावी, पुरावा ठेवावा. बाईच्या फोन आणि इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. ज्या खात्याने ॲप सक्तीचे केले, त्याने प्रत्येक नव्या आवृत्तीची पूर्ण फाईल आपल्या अधिकृत संकेतस्थळावर ठेवावी आणि बीटच्या मासिक बैठकीत हातोहात द्यावी, मराठीतल्या सूचनांसह. माडिया-गोंडी बोलणाऱ्या बायकांना ती त्यांच्या भाषेत समजावून सांगावी. नवी आवृत्ती आली म्हणून जुनी त्याच दिवशी बंद करू नये. पावसाळ्यात संपर्क तुटणाऱ्या गावांना पाऊस सरेपर्यंत मुदत असावी. ॲप बंद असेल तर वहीतली नोंद ग्राह्य धरावी. शिधा, हजेरी आणि मानधन त्यासाठी थांबू नये. आणि बाजारापर्यंतच्या फेरीचा खर्च व वेळ हा कामाचा खर्च व वेळ म्हणून मोजावा.

काही काम आपलेही आहे. 'फोनमधलं मला काही कळत नाही' हे वाक्य आपण कार्यकर्त्याही कौतुकाने म्हणतो. कधीकाळी आपल्या आया 'बँकेतलं मला काही कळत नाही' म्हणायच्या, तेव्हा आपणच त्यांना सही करायला शिकवले. बचत गटाच्या बैठकीत पासबुक वाचायला शिकलो, तसे फोनचा इशारा वाचायलाही शिकू. प्रत्येक बीटमध्ये दोघीजणी जरी हे शिकल्या, तरी दुकानाच्या बाकावर बसायची पाळी बाकीच्यांवर येणार नाही.

ती सेविका मला दिवाळीनंतर पुन्हा भेटली. मी तिला खूण सांगितली, 'अपडेट' आणि 'इन्स्टॉल' यांतला फरक सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतले, मग विचारले, "हे त्यायनं आमाले टरेनिंगमदी काऊन नाही सांगतलं?"

या प्रश्नाचे उत्तरही मला देता आले नाही. पण हे उत्तर माझ्याकडे नव्हतेच. ते ज्यांच्याकडे आहे, त्यांना आता आपण सगळ्याजणी मिळून विचारू या.