दोन बादल्या पाणी

आपण एसीत बसून डेडलाइनचं टेन्शन घेतो ना, तेव्हा माझी रूममेट वाकडच्या एका साइटवर उन्हात उभी असते. नवी कोरी सिव्हिल इंजिनीअर. पोस्ट एकदम भारी : ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनी! काम? सळ्या मोजा, कव्हर ब्लॉक तपासा, चलनांवर सह्या करा.

परवा रात्री अकराला ती सिमेंटने माखलेल्या बुटांसकट दारातच बसली. स्लॅब चालू होता. ट्रॅफिकमध्ये अडकलेला मिक्सर उशिरा पोचला, काँक्रीट घट्ट झालेलं. मुकादम म्हणाले, ‘‘मॅडम, दोन बादल्या पाणी मारू. सगळेच मारतात.’’ ते पंचवीस वर्षं साइटवर, ही चार महिने. हिने स्लम्प बघितला आणि म्हणाली, ‘‘काका, पाणी नाही. गाडी परत.’’

फंडा सिंपल आहे. सिमेंट तेवढंच ठेवून पाणी वाढवलं, की काँक्रीट पसरतं झकास, पण ताकद घटते. एम २५ म्हणजे २८ दिवसांनी क्यूबने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसायला हवा. म्हणजे चूक आज, रिझल्ट महिन्याने!

सीनिअरने फोनवर झापलं, ‘‘गाडीचे पैसे तू भरणार?’’

‘‘नोकरी राहील ना गं?’’ तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहा टाकला.

सकाळी सहाला ती हेल्मेट घेऊन निघालीसुद्धा. त्या स्लॅबखाली उद्या कुणीतरी ईएमआय भरत निवांत झोपणार आहे. कदाचित तुम्हीच.