वायफाय घरात, कॉम्प्युटर मात्र उपाशी!

घरात वायफाय आलं. मोबाइल जोडले, टीव्ही जोडला, आजीचं कीर्तनही यूट्यूबवर सुरू झालं. पण आतल्या खोलीतला जुना डेस्कटॉप? त्याला कुणी विचारलंच नाही. मग मुलीच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख उद्यावर येते, मोबाइलच्या पडद्यावर फोटो आणि सही ठरलेल्या आकारात बसत नाही आणि सगळ्यांना त्या डेस्कटॉपची आठवण होते. बरगीहून रात्री जबलपूर गाठून सायबर कॅफे शोधणं काही सोपं नाही.

अशा वेळी "कॉम्प्युटर जुना झालाय, नवा घ्या" असा सल्ला देणारे खूप भेटतील. लगेच ऐकू नका. आपल्या बरगीकरांना कळेल असं सांगते. धरण भरलेलं आहे, कालव्यालाही पाणी आहे, पण शेतापर्यंत पाटच काढलेला नाही, तर शेत कोरडंच राहणार. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय पकडणारा भाग आतच बसवलेला असतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मात्र तो बरेचदा नसतोच.

तो आहे की नाही, हे आधी बघा. विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' बघा. तिथे 'वायरलेस', 'वायफाय' किंवा '८०२.११' असं काही दिसलं, तर भाग आहे. मग खाली उजव्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करा, आपल्या वायफायचं नाव निवडा, पासवर्ड टाका, झालं. यादीत तसं काही नसेल, तर पासवर्ड दहा वेळा टाकायची संधीही मिळणार नाही!

पण फॉर्म तर आजच भरायचाय. मग अँड्रॉइड मोबाइल घ्या, त्याला घरच्या वायफायवर ठेवा आणि चार्जिंगच्या केबलने कॉम्प्युटरला जोडा. आता मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर जाऊन 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. बहुतेक फोन वायफायचं इंटरनेट केबलमधून कॉम्प्युटरला देतात. खर्च शून्य. फक्त केबल डेटा नेणारी हवी; काही स्वस्त केबल नुसतं चार्जिंग करतात, मग तुम्ही कितीही बटणं दाबा.

रोजच्यासाठी यूएसबी वायफाय अडॅप्टर घ्या. अंगठ्याएवढा असतो, साधा काही शे रुपयांत मिळतो. त्याचा ड्रायव्हर डाउनलोड करायला इंटरनेट लागलं, तर वरची केबलची युक्ती पुन्हा कामी येते. अडॅप्टर कॅबिनेटच्या मागे खुपसू नका. पत्र्याचा डबा आणि मागची भिंत यांत सिग्नल अडतो. पुढच्या बाजूला लावा, नाहीतर छोट्या एक्स्टेंशन केबलने टेबलावर आणा.

घ्यायच्या आधी एक बघा. राउटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. साध्या अडॅप्टरला फक्त २.४ दिसतो. त्यामुळे मोबाइलमध्ये दिसणारं '५जी' नावाचं वायफाय कॉम्प्युटरच्या यादीत आलं नाही तर घाबरू नका. (त्या नावाचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही.) जाड भिंतींच्या जुन्या घरात २.४ च जास्त आतपर्यंत पोहोचतो, वेग थोडा कमी. २००५ साली सरकारने हा पट्टा परवानामुक्त केला, म्हणून राउटर लावायला आपल्याला परवाना लागत नाही. पण त्यामुळेच तिथे गर्दीही आहे. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच भागात. भाजी गरम करताना व्हिडिओ अडकतो तो उगाच नाही.

राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर नको, घराच्या मध्यावर आणि उंचावर हवा. आणि पाहुण्यांना, गल्लीतल्या पोरांना पासवर्ड द्यावाच लागत असेल, तर राउटरमधलं 'गेस्ट नेटवर्क' सुरू करून तोच द्या. ज्या कॉम्प्युटरवर आधारची प्रत आणि बँकेची कागदपत्रं आहेत, तो मुख्य नेटवर्कवर राहू द्या.

आणि हो, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असेल तर राउटरचा प्लगही त्याच लाइनवर घ्या. नाहीतर वीज गेल्यावर पडदा उजळलेला राहील आणि 'सबमिट' मात्र नुसतं गोल गोल फिरत बसेल.