जीव वाचला, वाचेचे काय?

वरच्या जबड्याची मोठी शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी आला की पाहुणे म्हणतात, "जीव वाचला ना, मग झाले." मला हे पटत नाही. ज्याचे पोट बोलण्यावर चालते, त्याचे एवढ्याने कसे होणार?

2021 साली कोरोनापाठोपाठ काळ्या बुरशीचा आजार आला. त्यात देशभर अनेकांचे वरचे जबडे काढावे लागले. तंबाखू, गुटख्याच्या कर्करोगातही ही वेळ येते. टाळूला भगदाड पडले की तोंड आणि नाक एक होते. पाणी प्यावे तर नाकातून येते आणि शब्दांचीही तीच गत होते. प, ब, त, द म्हणताना तोंडात हवा कोंडावी लागते. ती नाकावाटे निसटली की 'बाबा'चे 'मामा' होते, 'दादा'चे 'नाना' होते. कानडीत 'बा' म्हणून बोलवावे तर 'मा' ऐकू येते. आपण सीमाभागातले लोक मराठी-कानडीवर तावातावाने बोलतो, पण या दुखण्यापुढे दोन्ही भाषा सारख्याच लंगड्या पडतात!

माझे मामा बटाट्याचे अडत्ये. त्या वर्षी त्यांचा अर्धा वरचा जबडा गेला. ते 'दहा' म्हणत आणि गिऱ्हाईक 'नऊ' ऐकत असे. शेवटी ते पाटीवर आकडे लिहून दाखवू लागले. पुढे पुढे लिहिणेही सोडले आणि गादीवर नुसते बसून राहू लागले. टाळूच्या भोकावर बसणारी कवळी करता येते, हे शस्त्रक्रियेच्या आधी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आठ महिन्यांनी एका दंत महाविद्यालयात ती मिळाली. बसवली त्याच दिवशी मामांनी मामींना नावाने हाक मारली आणि ती सर्वांना नीट कळली.

ही काही नवी युक्ती नव्हे. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रोआज पारे या शल्यवैद्याने अशा पट्ट्यांचे वर्णन करून ठेवले आहे. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याचा जबडा 1923 मध्ये व्हिएन्नात कापला गेला. त्याच्या घरचे त्या कवळीला 'राक्षस' म्हणत, इतकी ती टोचे. तरी ती घालूनच तो 1939 पर्यंत जगला, आणि 1938 च्या डिसेंबरात लंडनला बीबीसीसाठी बोललाही. आजची कवळी पुष्कळ सुखाची असते. भोकात बसणारा भाग पोकळ ठेवतात, म्हणजे वजन कमी होते. उरलेल्या दातांना तारेच्या आकड्यांनी ती अडकते. म्हणूनच कोणता दात राखायचा, याचा विचार कापण्याआधी व्हायला हवा. आधी माप घेतले तर तात्पुरती पट्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच बसवता येते. जखम भरताना तोंडाचा आकार बदलत जातो, तशी ती दुरुस्त करतात आणि काही महिन्यांनी कायमची करतात. मऊ टाळूही गेला असेल तर काम अवघड, कारण तो हलणारा भाग आहे. त्याची बरोबरी कवळी पूर्णपणे करू शकत नाही.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून हिशेबाच्या भाषेत बोलतो. कवळीचा खर्च आपण 'नंतर बघू' या सदरात टाकतो. वास्तविक तो शस्त्रक्रियेच्याच खात्यावर पडला पाहिजे. दुकान बांधून दार न बसवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. आठ महिने मामांची गादी बंद असल्यासारखीच होती. तो तोटा कोणत्या बिलात दाखवायचा?

कुणी म्हणेल, घाईच्या वेळी डॉक्टर जीव पाहतील की बोलणे पाहतील? घाई खरीच असते. पण साधे माप घ्यायला फार वेळ लागत नाही. दंतवैद्याला आधी बोलावणे एवढेच करायचे असते. तेव्हा आपल्या घरी अशी पाळी आली, तर संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारा, "टाळूच्या कवळीचे माप कधी घेणार?"